पोटऱ्या बघणारी बाई

बाई माणसाचं तोंड बघायच्या आधी पोटऱ्या बघायची. एसटीतून उतरली की बंदराकडे जाताना पोरांच्या मागून चालायची. पोरं पळत असली की ही सावकाश. एखादं पडलं की जागच्या जागी उभी. हात देऊन उचलायची नाही, वाकायचीही नाही. पडलेलं पोर उठतं कसं तेवढं बघायची. आमच्या बायका म्हणायच्या, "काय दगड बाय हाय." पोर झटक्यात उठलं की बाई पुढे. आणि पोर आधी गुडघ्यावर हात, मग मांडीवर हात, असं आपल्याच अंगावर चढत उठलं की पिशवीतून वही निघायची. ती वही निघाली की त्या घराचं भलं नसायचं.

आमच्या मुरब्यात तिला पोटरीवालीच म्हणत. खरं नाव मला येतं, पण लिहिणार नाही. मी दुसरी पास. तिसरीत मास्तरानं कान पिळला, मी त्याची छडी मोडून घरी आलो, तो परत गेलो नाही. तरी हे माझ्या हातानं लिहितोय. घरातली शिकलेली पोरं म्हणाली, "आमी लिवून देतो." नको म्हटलं. तुम्ही बाईला गोड करून टाकाल. बाई गोड नव्हती.

पहिल्यांदा आली ते साल चौऱ्याऐंशी असेल नाहीतर पंच्याऐंशी. मी तेव्हा दोन होड्यांचा तांडेल, होडीवर माझा हुकूम चालायचा. गावच्या बैठकीत मी बोललो की बाकीचे खाकरून गप्प बसायचे. दुपारचा ओट्यावर बसलो होतो, तर ही धुळीनं भरलेली, खांद्याला पिशवी, अंगणात उभी.

"शिरगावच्या काशीबाई इथंच दिल्यात ना?"

काशी माझी बायको. ती अंगणात बोंबील वाळत घालत होती. तिचा हात मधेच थांबलेला मी बघितला, पण तेव्हा मला त्यातलं काही कळलं नाही. मला वाटलं, कुटुंबनियोजनवाली आली. म्हटलं, "बाय, उशीर केलास. दोन पोरी झाल्या नि आमचा दुकान कवाच बंद झाला." आमच्यात अहो-जाहो कमीच. मी तिला पहिल्या दिवसापासून तू म्हटलं, तिनं मला शेवटपर्यंत तुम्ही.

ती हसली नाही. मुंबईच्या प्रयोगशाळेतून आले म्हणाली. पिढीजात दुखणी शोधते. शोधते म्हणाली, बरी करते म्हणाली नाही. त्या एका शब्दाकडे माझं लक्ष गेलं नाही. काशीनं चहा आणून दिला. तेवढ्यात माझा नातू आला, हर्या, मोठ्या पोरीचा, सुंदरचा मुलगा. सुंदरला गावातच दिलेली, म्हणून पोरगा दिवसभर आमच्याकडे. पाच वर्षांचा. आणि मला काय हुक्की आली, मी त्याला उचलून बाईसमोर उभा केला. म्हटलं, "ह्याच्या पोटऱ्या बघ. आख्ख्या मुरब्यात अशा पोटऱ्या नाय. जलमाचा खलाशी हाय."

हे आमच्याकडे मोठं असतं. हलत्या होडीत उभं राहायचं तर जोर पोटरीत लागतो. पोरगं झालं की म्हातारे पोटऱ्या चाचपतात. हर्याच्या पोटऱ्या बाटल्यांसारख्या गोल, टणक. मी येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचो, थापटून दाखवायचो.

बाई खाली बसली. पापलेट ताजं आहे का बघायला बोट दाबतात तशी तिनं पोटरी दाबली. मग हर्याला म्हणाली, "त्या होडीपर्यंत पळ आणि ये." हर्या पळाला, वाळूत पडला, आणि मांडीवर हात टेकत टेकत उठला. बाईनं घड्याळ बघितलं.

मी म्हटलं, "अंगानं जड हाय म्हणून."

"तांडेल, ही ताकद नाही. आतला स्नायू मरतोय आणि त्याच्या जागी चरबी भरतेय. म्हणून जाड दिसतंय."

"तुज्या तोंडात माती."

"असू दे. पण याला खलाशी करायचं मनात धरू नका. दहा-अकराचा होईपर्यंत चालणं थांबेल."

"नि मग?"

तिनं हर्याला पाणी प्यायला आत पाठवलं. तो आत जाईपर्यंत थांबली. मग म्हणाली, "विसाच्या आत जाईल." चहाचा कप अजून तिच्या हातात भरलेला होता.

मी काठी घ्यायला उठलो. खोटं सांगत नाही, मारली असती. पण काशी मधे आली. तीस वर्षांच्या संसारात ती माझ्या मधे कधी आली नव्हती. म्हणाली, "बोलू दे तिला. माझे दोन भाऊ असेच गेले."

म्हणजे शिरगाववाल्यांनी लपवलं होतं. आमच्या लग्नाच्या वेळी तिचा एक भाऊ ढुंगणावर सरकत होता, त्याला चार दिवस दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवलेला. मला सांगितलं, एक होता तो तापानं गेला. गावात लोक म्हणत होते की बोईसरला कारखाने आले, त्यांच्या पाण्यानं हे होतं. बाईनं काशीला एवढंच विचारलं, "भाऊ गेले तेव्हा बोईसरला काय होतं?" काशी म्हणाली, "गवत."

त्या दिवसापासून सात महिने मी काशीच्या हातचं जेवलो नाही. सुंदरकडे जेवायचो. घरात एका छपराखाली असून तिच्याशी एक शब्द बोललो नाही. बंदरावर बसून सांगायचो, "सासऱ्यानं मला सडकी होडी डांबर लावून दिली." लोक हसायचे, मीही हसायचो. काशी मासळी विकायला जायची तेव्हा बायका तिला ऐकवायच्या. तिनं उलट उत्तर दिलं नाही. बाईला हे कुणीतरी सांगितलं. पुढच्या खेपेला ती मला म्हणाली, "तुमच्या बायकोनं तुम्हांला फसवलं नाही, तांडेल. ती अठरा वर्षांची होती, तिला कुणी विचारलं नव्हतं." मी म्हटलं, "तू रगत बघ. माज्या घरात तोंड घालू नको." ती म्हणाली, "रक्त घरातलंच असतं."

बाईच्या वहीत सगळं गाव होतं. चौकोन काढला की बाप्या, गोल काढला की बाई. ज्याला दुखणं तो चौकोन काळा भरायचा. काशीच्या माहेरच्या बाजूला सात काळे चौकोन मी मोजले. आणि ज्या बाईच्या अंगात ते असतं, तिला स्वतःला काही होत नाही, पण मुलाला देते, तिच्या गोलात एक टिंब. काशीच्या गोलात टिंब होतं, सुंदरच्या गोलात टिंब होतं. माझी धाकटी यमू, तेव्हा चौदा-पंधराची, तिचा गोल कोरा.

मी म्हटलं, "म्हंजे थोरलीनं घेतला, धाकटी सुटली."

"सुटली असं नाही. अजून ठाऊक नाही म्हणून कोरा. प्रत्येक पोरीचा डाव वेगळा पडतो. थोरलीचा कसा पडला त्यावर धाकटीचं काही ठरत नाही."

तिनं घरातल्या सगळ्यांचं रक्त घेतलं, यमूचंही. माझं घेताना म्हणाली, "तुमचा यात काही संबंध नाही, पण ताडून बघायला लागतं." तुमचा संबंध नाही म्हणाली ते मला फार आवडलं, आणि तेही मी टिंबाच्या गोष्टीसकट बंदरावर सांगितलं. मूर्ख होतो. त्या एका गोष्टीनं गावाच्या हातात सुरी दिली. वर्षभरात बायकांच्या भांडणात शिवी झाली, "तुज्या गोलात टिंब हाय." सोयरीक जुळवताना म्हातारे विचारू लागले, पोरीच्या आईकडे कुणी सरकणारा होता काय. आणि माझ्या घरात लग्नाची पोर होती.

सुई काढायच्या आधी बाई प्रत्येक घरी एकच वाक्य बोलायची, "माझ्या पिशवीत औषध नाही. हे ऐकून मग हात पुढे करा." निम्मे लोक हात मागे घ्यायचे. एका म्हातारीनं तोंडावर विचारलं, "औषध नाय तर रगत नेऊन काय करते, पिते?" बाई म्हणाली, "मोजते." पोरांना सुई टोचताना आपले डॉक्टर म्हणतात, मुंगी चावेल. ही म्हणायची, "दुखेल. पाच मोजेपर्यंत दुखेल." हर्या मोजायचा. पाचला खरंच दुखायचं थांबायचं. म्हणून तो तिच्यावर जितका भरवसा ठेवायचा तितका आमच्यावर नाही. आम्ही त्याला सांगायचो, पुढच्या पावसाळ्यात बरा होशील.

मला तिनं ते दुखणं एकदाच समजावलं, जाळं विणत बसलो होतो तेव्हा. म्हणाली, स्नायूच्या पेशीला आतून धरून ठेवणारी एक गोष्ट असते, ती हर्याच्या अंगात तयारच होत नाही. म्हणून तो पाय टाकतो तेव्हा पेशी थोडी फाटते. अंग ती सांधतं. परत पाय टाकला, परत फाटते. मी म्हटलं, "म्हंजे जाळ्याला कडेचा दोरच नाय. ओढला की उसवनार." ती एकदम थांबली. "आणि सांधायचं सूत संपलं की?" मी म्हटलं, "भोक." ती म्हणाली, "तसंच. पेशी मरते, मग शेजारची मरते." तिनं माझं वाक्य वहीत उतरून घेतलं. तिसरी नापास माणसाचं वाक्य. मी दोन दिवस छाती काढून फिरलो, आणि तिसऱ्या दिवशी ध्यानात आलं की ते वाक्य माझ्या नातवाच्या मरणाचं होतं.

वर्षातून दोनदा ती यायची आणि हर्याला जमिनीवर बसवून उठायला लावायची. हातात घड्याळ. पहिल्या वर्षी पाच सेकंद. मग नऊ. मग एकवीस. हर्याला ती शर्यत वाटायची. "बाई, या टायमाला किती?" ती खरा आकडा सांगायची. एकदा चाळीसच्या वर गेला, घामानं भिजला, सुंदर आत तोंडात पदर घालून रडत होती, आणि बाई घड्याळ घेऊन उभी. मी म्हटलं, "आता पुरे कर." हर्या जमिनीवरून ओरडला, "आजा, मधे नको बोलू, माजा टाइम जातो." त्याच्या पुढच्या खेपेला तो उठलाच नाही. बाईनं घड्याळ थांबवलं, त्याच्यासमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "आता हे मोजायचं संपलं. आता हाताची पकड मोजू." दहावं वर्ष चालू होतं त्याला.

बर्फावरून आमचं जमलं होतं. रक्त मुंबईला पोचेपर्यंत गार राहायला हवं, आणि मुरब्यात बर्फ होता तो माझ्या मासळीच्या शेडमध्ये. पहिल्या दिवशी शेडच्या वासानं ती बाहेर जाऊन ओकली. चूळ भरली, आत आली, म्हणाली, "बर्फाची अजून एक पाटी द्या." ती जन्माची शाकाहारी. त्यानंतर कधी नाकाला रुमाल लावला नाही. खलाशी म्हणायचे, तांडेल, पापलेटच्या बर्फात रगत ठेवतोस, बाटेल. मी म्हणायचो, माझा बर्फ आहे, मी मेलेला माणूस ठेवीन. बर्फाच्या बदल्यात तिनं मला काही दिलं नाही, मी मागितलं नाही. पण ती येणार असली की मी सकाळी बर्फ फोडून तयार ठेवायचो. दुसऱ्या कुणासाठी मी तेवढंही करत नव्हतो.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

यमू एकोणीसची झाली. स्थळ आलं. मुलगा मूळचा डहाणूकडचा, आमच्यातलाच, पण बोईसरच्या कारखान्यात कायम झालेला, सरावलीला चाळीत स्वतःची खोली. मुरब्यातल्या कुणाला असा जावई मिळाला नव्हता. मुलाच्या बापानं विचारलं, "आईच्या बाजूला काय हाय असं ऐकतो." मी म्हटलं, "थोरलीच्या पोराला ताप डोक्यात गेला होता, तेवापासून पाय गेला." सासऱ्यानं मला जे केलं तेच, तसंच, शब्दाला शब्द. केलं ते केलं. लग्न ठरलं.

लग्नाला तीन आठवडे होते तेव्हा बाई आली. त्या दिवशी सकाळी पालघरला एका दवाखान्यात हर्याच्या मांडीतून स्नायूचा तुकडा काढला. तिकडे परदेशात त्या दुखण्याचं मूळ सापडलं होतं, आता तुकडा बघून नक्की कळेल म्हणाली. करंगळीच्या नखाएवढा तुकडा. मी हर्याला धरलं होतं. सुन्न करूनही तो ओरडला. मग मी त्याला घरी आणून निजवला, आणि बाई तुकड्याचं खोकं घेऊन ताज्या बर्फासाठी बंदरावर आली. यमू तिथंच मासळी निवडत होती.

बाई म्हणाली, "यमू, तुझ्या रक्ताचं उत्तर आलंय. तुला हवं का?"

तिचं तोंड नेहमीसारखं. पहिल्या दिवशी चहाचा कप धरून बसली होती तसंच. मी ते तोंड बघितलं आणि वाईटच असणार असं धरलं. यमूनं माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "बाबा सांगेल तसा."

मी म्हटलं, "नको."

"तांडेल, तुम्हांला विचारलं नाही. तिला विचारलं."

आजूबाजूला खलाशी होते, बायका होत्या. सगळे हात थांबले होते. अजून एक वाक्य, आणि लग्न मोडलं असतं. मी ते खोकं उचललं आणि खाडीत फेकलं. ओहोटी होती, पाणी बाहेर धावत होतं. बाई चिखलात उतरली. गुडघ्यापर्यंत, मांडीपर्यंत, साडी अंगाला चिकटलेली. खोकं तरंगत लांब गेलं, मग आडवं झालं. खलाशी हसत होते, कुणीतरी शिट्टी मारली. मी त्यांना गप्प केलं नाही.

ती वर आली. म्हणाली, "त्यात हर्याचा तुकडा होता."

"ठाऊक हाय."

ती तशीच चिखलानं भरलेली माझ्या घरी गेली. मी मागून. हर्या पट्टी बांधून पडला होता. दुसरी कुणी असती तर पोराला गोंजारलं असतं. ही म्हणाली, "हर्या, तुझा तुकडा पाण्यात गेला. परत द्यावा लागेल, दुसऱ्या मांडीतला. नको म्हणालास तर मी जाईन, रागावणार नाही."

"कोनी टाकला? आज्यानं?"

"हो."

तो माझ्याकडे बघून हसला. "मासे खातील तर त्यांनापन होल काय?"

"नाही. खाऊन होत नाही."

"दुखेल?"

"आजच्याएवढंच."

"मग काढ."

महिन्यानं परत कापलं. त्या वेळी धरायला मला नेलं नाही, त्याच्या बापाला नेलं. हर्या ओरडला नाही म्हणे. बाई त्यानंतर माझ्या घरी आली नाही. मीच येऊ नको म्हटलं होतं. हर्याला ती पालघरलाच बघायची. पुढे ती परदेशी गेली, कामासाठी, पाच-सहा वर्षं.

काशीनं मला विचारलं होतं, "बाईनं काय सांगितलं यमूचा?" मी म्हटलं, "समदा चांगला हाय." खोकं फेकणाऱ्या माणसाच्या तोंडून हे कोण खरं मानणार? पण पुढे कुणी विचारलं नाही. मला विचारत नसत कुणी. यमूचं लग्न झालं, वाजतगाजत झालं.

हर्या सतराव्या वर्षी गेला. त्याआधी हात गेले, मान गेली. शेवटची दोन वर्षं त्याच्या तोंडावरची माशी आम्ही हाकायची. डोकं शेवटपर्यंत साफ. मला म्हणायचा, "आजा, बाईनं विसाच्या आत सांगितलावता. बाई बरोबर." तीन दिवस श्वास ओढत होता, पाण्याबाहेर काढलेल्या मासळीसारखा. मी आयुष्यभर तो श्वास होडीत बघितला होता, कधी काही वाटलं नव्हतं.

तो जाऊन पंधरा दिवस झाले नव्हते आणि अंगणात बाई उभी. केस पिकलेले. तिला कळलेलं नव्हतं, ती त्याला बघायला आली होती. मी सांगितलं. ती न विचारता ओट्यावर बसली. मग विचारलं, "शेवटी श्वासच ना? किती दिवस?" मी म्हटलं, "तीन." तिनं वही काढून लिहिलं. मला राग आला नाही.

यमू आतून पाणी घेऊन आली. बाई म्हणाली, "तू इथं?"

"आता हितंच."

"मुलं?"

यमूनं सांगितलं, जसं बाजारभाव सांगावा तसं. दोनदा दिवस गेले. दोन्ही वेळा तिनं नवऱ्याला न सांगता पाडलं. पहिलं निभावलं. दुसऱ्या वेळी कुणाकडून तरी झाडपाला घेतला, आत पू झाला, जीव वाचवायला पिशवी काढली. नवऱ्याला सगळं कळलं. त्यानं वर्षभर ठेवली, मग माझ्या दारात आणून सोडली आणि दुसरी केली. हे मला माहीत होतं. का पाडलं ते मी तिला विचारलं नव्हतं. मला वाटायचं, मला कळतं.

"हर्याचा जेवन मी भरवायची," यमू म्हणाली. "मला दुसरा हर्या नको होता. बाई, माजा उत्तर हाय अजून तुज्याकडं? आता सांग. आता मीच इचारते."

बाईनं माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे.

"यमू, तुझ्यात तो दोष नाही. नव्हता कधीच. गेल्या वर्षी परत तपासून बघितलं. नाही."

अंगणात कोंबडी फिरत होती. काशी दारात होती, ती खाली बसली.

यमू मला म्हणाली, "बाबा, तुला ठाऊक नवता?"

"नाय."

"मला वाटला तू ऐकलास, नि लपवलास. तू खोका टाकलास म्हंजे वाईटच आसनार. मी तुज्या खोक्यावर गेले." मग बाईकडे वळली. "नि तू? चांगला होता तर तवाच ओरडायचा होता. आख्खा बंदर होता तिथं."

बाई हळू बोलायची नाही कधी, त्या दिवशी हळू बोलली. "चांगलं असतं तेव्हा मी आपणहून सांगितलं, तर ज्या घरात गप्प राहीन तिथं गप्प राहणंच उत्तर होईल. मग ज्यांना ऐकायचं नसतं त्यांनाही कळेल. म्हणून मागितल्याशिवाय सांगत नाही. चांगलं असो, वाईट असो, एकाच तोंडानं जाते. तो माझा नियम आहे."

"नियम बरा हाय," यमू म्हणाली. तिनं रिकामा तांब्या उचलला. "बाबा, बाईला एसटीवर पोचव. साडेपाचची जाईल." आणि आत गेली. त्यानंतर ती माझ्याशी बोलते. जेव म्हणते, गोळी घे म्हणते, पाऊस आला आत बस म्हणते. बाकी नाही.

मी बाईला घेऊन निघालो. थांब्यावर आल्यावर ती म्हणाली, "तांडेल, त्या दिवशी मी नियम मोडायला हवा होता. तुम्ही नको म्हणालात ते भीतीनं, हे मला दिसत होतं. यात अर्धी चूक माझी आहे."

"नाय."

"अर्धी."

"तुजी काय नाय. नको मी बोललो. खोका मी टाकला."

"मला घेऊ द्या अर्धी," ती म्हणाली. डोळे भरले होते तिचे. इतकी वर्षं माझ्या घरात आली, रक्त मागितलं, मांस मागितलं, बर्फ मागितला, सगळं कामासाठी. स्वतःसाठी तिनं माझ्याकडे एवढंच मागितलं.

मी म्हटलं, "देनार नाय."

गाडी आली. ती चढली. परत कधी आली नाही, जिवंत आहे की नाही तेही मला ठाऊक नाही. असली आणि हे कुणी तिला वाचून दाखवलं, तर माझा निरोप तोच आहे. ती चूक सगळी माझी आहे, बाय. तुला त्यातलं काही मिळणार नाही.